घरधनी आणि बिऱ्हाडकरू

पैसा कसा मिळवावा हा प्रश्न नीतीचा व तो कोठें गुंतवावा हा प्रश्न केवळ व्यवहाराचा, अशी वाटणी आपण सोयीसाठीं करून ठेविली आहे. ती फारशी खरी नाहीं. ज्या ठिकाणीं पैसा घालावा त्या ठिकाणच्या माणसांशीं आपला संबंध जडतो, आणि असा संबंध आला म्हणजे धर्माधर्माचा विचार टाळतां येत नाहीं. सरकारी रोखे किंवा बँकेंतील मुदतीची ठेव यांच्या बाबतींत हा संबंध इतका दूरचा असतो कीं, तो विसरला गेला तर नवल नाहीं. परंतु राहतें घर असतांना दुसरें घर विकत घेऊन तें भाड्यानें द्यावयाचें, असा बेत जो गृहस्थ करतो, त्याला एका अपरिचित कुटुंबाच्या चुलीवर, देव्हाऱ्यावर, मुलांच्या अभ्यासाच्या कोपऱ्यावर आणि म्हाताऱ्यांच्या आजारपणाच्या खाटेवर एक प्रकारची सत्ता प्राप्त होत असते. असे बेत आज आमच्या मध्यमवर्गांत घरोघर चालू आहेत. म्हणून त्यांचा विचार व्याजाच्या दराबरोबरच कर्तव्याच्या दृष्टीनेंहि करणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या बेतांचें कारण समजण्यासारखें आहे. नोकरी संपली तरी पेन्शन चालू राहणार, ही जी निश्चिंतता मागच्या पिढीच्या पांढरपेशास होती, ती पुढच्या पिढीस तशी राहिली नाहीं. केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून नव्यानें नोकरींत येणाऱ्यांसाठीं जुन्या पद्धतीचें पेन्शन बंद केलें आणि महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग धरला. खासगी नोकरांस तर तें बहुधा नव्हतेंच. तेव्हां म्हातारपणीं दरमहा कांहीं ठराविक रक्कम हातीं यावी अशी तजवीज करणें हा लोभ नव्हे, दूरदर्शीपणा आहे. त्यांतहि भागबाजाराचा चढउतार सामान्य माणसास कळत नाहीं. घराची भिंत मात्र डोळ्यांस दिसते व हातास लागते. यामुळें चार पैसे शिल्लक पडले कीं मन घराकडे धांव घेतें. प्रश्न आहे तो पुढचा : या भिंतीपासून जें भाडें यावयाचें, तें कशाचें मोल आहे, आणि तें घेणारावर कोणतें ओझें येतें ?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे कीं, ॲडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत घरभाड्याचे दोन भाग पाडून दाखविले. एक भाग इमारतीचा व दुसरा ती इमारत ज्या जमिनीवर उभी असते त्या जमिनीचा. पहिला भाग म्हणजे दगड, विटा, गवंड्याची मजुरी व त्यांत अडकलेलें भांडवल यांचा मोबदला; तो घेण्यांत कोणास दोष दिसण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या भागाची गोष्ट निराळी. जमीन कोणीं निर्माण केली नाहीं, आणि तिची किंमत वाढली ती बहुधा मालकाच्या श्रमानें वाढली नाहीं. पुण्याच्या पश्चिमेस हिंजवडी येथें सरकारी महामंडळानें माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगांची वसाहत वसविली, आणि शेजारच्या वाकडसारख्या गांवांतील शेतें पाहतां पाहतां उंच इमारतींनीं भरून गेलीं. रस्ता सार्वजनिक पैशानें झाला, कारखानदार बाहेरून आले, व देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मंडळी तेथें नोकरीस आली. या सर्वांच्या येण्यानें तेथील घरांचें भाडें चढलें, आणि तें चढलेलें भाडें त्या तरुणांकडूनच वसूल होऊं लागलें ! अशाच प्रकाराकडे पाहून मिल्लनें १८४८ सालीं जमीनदारांची संपत्ति त्यांच्या श्रमावांचून वाढते असा आक्षेप घेतला, आणि हेन्री जॉर्जनें १८७९ सालीं जमिनीचें सर्व उत्पन्न कररूपानें समाजास परत द्यावें अशी मागणी केली.

इतक्या टोकास आम्ही जात नाहीं. भाड्याचीं घरें उद्यां नाहींशीं झालीं, तर बदलीवर आलेला कारकून, परगांवचा विद्यार्थी, नुकतें लग्न झालेलें जोडपें यांनीं जावें कोठें ? प्रत्येकानें घर विकत घेतलेंच पाहिजे असा समाज हा स्वतंत्र माणसांचा समाज न राहतां जागच्या जागीं खिळलेल्या माणसांचा समाज होईल. आपलें भांडवल अडकवून दुसऱ्यास निवारा उपलब्ध करून देणारा गृहस्थ समाजाची एक खरी गरज भागवीत असतो. तथापि त्यानें एवढें मात्र विसरूं नये कीं, त्याच्या हातीं येणाऱ्या भाड्यांत कांहीं अंश त्याच्या काटकसरीचा आहे आणि कांहीं अंश साऱ्या गांवाचा आहे. हा दुसरा अंश म्हणजे त्याच्यावर असलेलें एक ऋण होय.

कोणी म्हणेल कीं, आम्ही मालमत्तेचा कर भरतों, प्राप्तीवरील कर भरतों, ऋण फिटलें. हें उत्तर अर्धेंच बरोबर आहे. भाड्याच्या उत्पन्नावर कर बसवितांना आपला कायदा नगरपालिकेचा कर वजा जातां राहिलेल्या रकमेवर शेंकडा तीस सरसकट सूट देतो. प्रत्यक्ष खर्चाची पावती मागत नाहीं. घर राखावयास मालकाला खर्च येतो असें मानूनच कायद्यानें हा विश्वास टाकला आहे. जो मालक सूट पुरती घेतो आणि गळक्या छपराविषयीं भाडेकरूची तक्रार आली कीं महिनोन्‌महिने कानांवर हात ठेवतो, त्याच्या हिशेबाच्या वह्या निर्दोष असतील. पण ऋण फिटलें असें त्यानें म्हणूं नये. तें फेडावयाचें तें मुख्यतः वर्तनानें, आणि तेंहि त्या घरांत राहणाऱ्या माणसाशीं होणाऱ्या वर्तनानें.

हें वर्तन कसें असावें याचा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तिसऱ्या अधिकरणांत घरांविषयींचे नियम आहेत. तेथें सांगितलें आहे कीं, जागा सोडावयास सांगितल्यावरहि जो भाडेकरू हलत नाहीं त्यास बारा पण दंड, आणि भाडें देत असलेल्या भाडेकरूस जो मालक बाहेर काढतो त्यासहि तितकाच दंड. मात्र शिवीगाळ व मारहाण, चोरी, जबरदस्ती, स्त्रीविषयक अपराध किंवा जागेचा गैरवापर भाडेकरूच्या हातून झाला असेल, तर मालकास दोष नाहीं. जो भाडेकरू आपण होऊन मध्येंच निघून जातो, त्यानें वर्षाचें उरलेलें भाडें भरावें, असेंहि पुढें आहे. या नियमांत दोन गोष्टी आम्हांस विशेष ध्यानांत घेण्यासारख्या वाटतात. एक, दोघांसहि दंड सारखा आहे. मालक मोठा व बिऱ्हाडकरू लहान असा भाव त्यांत नाहीं. दुसरी, बाहेर काढण्यास जीं कारणें पुरेशीं मानिलीं तीं सारीं भाडेकरूच्या कृतींचीं आहेत; त्याच्या जन्माचें किंवा ताटांतील अन्नाचें त्यांत एकहि नाहीं. कौटिल्य वर्णभेद मानणारा होता व त्याच्या ग्रंथांत इतरत्र वर्णाप्रमाणें दंड कमीअधिक होतात, हें आम्ही विसरत नाहीं. म्हणून तर या ठिकाणचें त्याचें मौन अधिक बोलकें वाटतें.

दोघांतील हा समतोल बिघडला म्हणजे काय होतें, हें पाहावयास मुंबईचा इतिहास पुरेसा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जागेची टंचाई होऊन मालकांनीं भाडीं वाढविलीं, तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ सालीं जो कायदा झाला, त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाण धरलें. हेतु चांगला होता. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर युद्धकाळच्या नफेबाजीपासून वांचवावयाचें होतें. परंतु कायदा मुदतीमागून मुदत मिळवीत अर्धशतकभर टिकला, आणि भाडें जवळजवळ जेथल्या तेथें राहिलें. सिमेंट महागलें, मजुरी वाढली, भाडें मात्र चहाच्या कपाच्या मोलाचें झालें. मालकानें दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूनें ती स्वतः करावी तर घर त्याचें नव्हे. अखेर १९६९ सालच्या कायद्यानें उपकर बसवून दुरुस्तीचें काम सरकारी मंडळाकडे सोंपवावें लागलें. त्या वेळीं मुंबई शहरांतील १९,००० हून अधिक जुन्या इमारती या व्यवस्थेखालीं आल्या. उघड भाडें घेतां येईना, म्हणून चोरून पागडी घेण्याची चाल पडली. कायद्यास मालक भिऊं लागला आणि मालकास नवा भाडेकरू. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीं गोठलेलीं भाडीं काळाच्या ओघांत अन्यायाचीं झालीं आहेत असा निर्वाळा दिला; मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें दरसाल शेंकडा चार वाढ मान्य केली व पागडीसहि उघड मान्यता दिली.

या हकीकतीचा दोष एका पक्षावर टाकणें सोपें आहे. पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यांत राहून, मालकाच्या विधवेस दुरुस्तीची वर्गणीहि नाकारणारे भाडेकरू होते. आणि इमारत आपोआप पडावी म्हणजे जागा मोकळी होईल अशी वाट पाहणारे मालकहि होते. आम्हांस त्यांतून एवढेंच दिसतें कीं, ज्या व्यवहारांत एकाचें हित दुसऱ्याच्या नाशांत गुंतलें, तेथें मूळचीं चांगलीं माणसेंहि हळूहळू बिघडतात.

त्या काळाची भीति अद्याप गेलेली नाहीं. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे लोक केवळ परवानगीनें दुसऱ्याच्या जागेंत राहत होते, ते कायद्यानें एकदम संरक्षित भाडेकरू ठरले; तेव्हांपासून जागा दिली कीं ती गेली, असा धसका मालकांनीं घेतला. घर कुलूप लावून ठेवावें पण भाड्यानें देऊं नये, असें मानणारे गृहस्थ आजहि भेटतात. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणींत शहरांतील भाड्याच्या घरांचें प्रमाण १९६१ सालीं शेंकडा ५४ होतें तें २०११ सालीं २८ वर आल्याचें नमूद आहे. आणि २०११ च्या जनगणनेंत एकट्या मुंबईंत चार लाखांहून अधिक घरें रिकामीं आढळलीं. ज्या शहरांत माणसें झोंपडींत दाटीवाटीनें राहतात तेथें लाखों घरांत कोळिष्टकें लोंबावींत, ही गोष्ट कायद्यांत बसली तरी विवेकास बोंचल्यावांचून राहत नाहीं. शिवाय ती भीति आतां बरीचशी अनाठायीं आहे. १९९९ च्या कायद्यानें मुदतीच्या परवानगीचा, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसेन्स’चा, करार स्पष्ट केला. करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसें न केल्यास वादाच्या वेळीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. मुदत संपूनहि जो जागा सोडीत नाहीं, त्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. तेव्हां नोंदणीचे चार पैसे वांचविण्यासाठीं तोंडी व्यवहार करणारा मालक भाडेकरूस तर अनिश्चिततेंत ठेवतोच, पण स्वतःचाहि घात करून घेतो.

आतां व्यवहाराच्या पोटांत शिरूं. आमचें मुख्य म्हणणें असें कीं, वाईट घरमालक बहुधा भाडेकरू येण्यापूर्वींच तयार झालेला असतो. तो तयार होतो घर घेतांना केलेल्या खोट्या हिशेबांतून. समजा, ८० लाख रुपयांस घेतलेल्या घरास दरमहा २०,००० रुपये भाडें येतें. वर्षाचे झाले २,४०,००० रुपये; म्हणजे भांडवलावर शेंकडा तीन. बिऱ्हाड बदलतांना वर्षांत एक महिना जागा रिकामी राहिली तर २०,००० गेले. गृहसंस्थेची वर्गणी, मालमत्तेचा कर, रंगकाम व नळदुरुस्ती यांस ४०,००० धरले तर हातीं १,८०,००० उरले. म्हणजे शेंकडा सव्वादोन. आणि जर या किंमतींतील ६० लाख शेंकडा साडेआठ व्याजानें कर्जाऊ काढले असतील, तर पहिल्या वर्षाचें व्याजच पांच लाखांवर जातें. ही तीन लाखांवरची तूट कोण भरून काढणार ? पगारांतून ती सहज निघत असेल तर निघो. परंतु ‘भाड्यांतून हप्ता फिटेल’ असें दलालानें सांगितलें व तें मानून जो फशीं पडला, त्याची दृष्टि पुढें घरावर न राहतां वाढत्या किंमतीवर राहते. पीक येईल म्हणून शेत राखणारा शेतकरी आणि भाव चढेल म्हणून पोतीं दडविणारा सटोडिया यांतला जो फरक, तोच येथेंहि आहे.

आणि याचा नैतिक परिणाम असा होतो कीं, तुटींत असलेल्या मालकास दयाळू होणें परवडत नाहीं. भाडें दोन तारखेऐवजीं दहा तारखेस आलें कीं त्याचा हप्ता चुकतो; म्हणून तो उर्मट होतो. गीझर बिघडला तर त्याचा खर्च त्याच्या अंदाजांत नसतो. म्हणून तो खोटें बोलतो. अनामत रकमेला हात न लावतां ती वेगळी ठेवावयाची, तर ती केव्हांच कर्जांत गेलेली असते. म्हणून जातांना ती परत न देण्यासाठीं भिंतीवरचे खिळे मोजूं लागतो. सद्गुण आचरणांत आणावयास थोडीबहुत बाह्य साधनसामग्री लागते, असें ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभींच सांगून ठेविलें आहे. त्याचा हा घरगुती अर्थ आहे. यास्तव सहा महिने भाडें आलें नाहीं तरी ज्याच्या घरची चूल अडणार नाहीं, त्यानेंच या व्यवहारांत पडावें, असा आमचा सल्ला आहे. यांत सावधपणा व सौजन्य दोन्ही एकदम साधतात.

घर हातीं आल्यावर निवडीचा प्रश्न येतो. आपल्या मिळकतींत कोणास ठेवावें हें ठरविण्याचा हक्क मालकास आहे, आणि भाडें देण्याची ऐपत, पूर्वीची वर्तणूक, माणसें किती यांची चौकशी करण्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु हा हक्क सांगतां सांगतां आमच्या सुशिक्षित घरांतून जे प्रश्न विचारले जातात ते ऐकावे. ‘आपण कोण ?’ हा पहिला, ‘मांसमच्छी खातां काय ?’ हा दुसरा. आणि एकटी नोकरी करणारी मुलगी असली, तर ‘येणारेंजाणारें कोण?’ हा तिसरा. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत शिकून परत आले व १९१७ सालीं बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. परजातीचें नांव सांगून ते एका विश्रामगृहांत राहिले. खरी जात उघडकीस येतांच लाठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस तेथून बाहेर काढलें, आणि एवढ्या विद्वान् माणसास गांवच्या बागेंत बसून तास काढावे लागले. ही गोष्ट वाचून आपण हळहळतों. पण आपल्या दारीं आलेल्या माणसाचें आडनांव ऐकून ‘जागा कालच गेली’ असें गोड शब्दांत सांगणारा गृहस्थ त्या जमावाहून केवळ सभ्यतेनें निराळा असतो. बागेंत बसणाराच्या दृष्टीनें दोघांत कांहींच भेद नाहीं. ‘माझी हरकत नाहीं, पण सोसायटीची आहे’ हा तर आणखी सोयीचा आडोसा होय. त्या सोसायटीच्या सभेंत आपण त्या वेळीं कोणता हात वर केला होता, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.

भाडेकरू राहावयास आल्यावर मालकाचीं कर्तव्यें फार नाहींत, पण तीं नेमानें पाळावयास हवींत. घर राहण्याजोगें ठेवणें हें पहिलें. भाड्याचें भांडण झालें म्हणून पाणी किंवा वीज तोडणें हें कायद्यानेंहि निषिद्ध आहे. त्याचा विचारसुद्धां मनांत येऊं नये. अनामत रक्कम ही दुसऱ्याची ठेव आहे, उत्पन्न नव्हे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जो आदर्श भाडेकायदा राज्यांपुढें ठेवला त्यांत राहत्या घरासाठीं दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊं नये असें आहे. त्या कायद्याची वाट न पाहतां ही मर्यादा आपण होऊन पाळण्यास कोणाचीच आडकाठी नाहीं. शाळेचें वर्ष मध्यावर असतां मुलांबाळांच्या कुटुंबास उठवूं नये. आपल्यापाशीं दुसरी किल्ली आहे म्हणून न विचारतां दार उघडूं नये. घर आपलें असलें तरी त्यांतला संसार आपला नाहीं. आणि सर्वांत जपावयाचें तें उपकाराच्या भाषेपासून. ‘आम्ही यांना जागा दिली’ असें जो म्हणतो तो दर महिन्यास मिळणारा मोबदला विसरतो. बिऱ्हाडकरू पाहुणा नव्हे, आणि आश्रित तर नव्हेच नव्हे. तो बरोबरीचा माणूस आहे.

अर्थात् बरोबरी आली कीं दुसऱ्या बाजूचींहि कर्तव्यें आलीं. ठरलेलें भाडें ठरल्या दिवशीं देणें, परक्याची वस्तु अधिक जपून वापरणें, मुदत संपतांच अडवणूक न करतां बाहेर पडणें, यांत ज्याची चूक होते त्यानें मालकाच्या श्रीमंतीकडे बोट दाखवूं नये. कित्येक ठिकाणीं तो मालक म्हणजे आयुष्यभराची शिल्लक एका घरांत घातलेली निवृत्त शिक्षिका असते, आणि थकलेलें भाडें हा तिच्या औषधाचा पैसा असतो.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. पूर्वीं मालकांचा वर्ग निराळा व भाडेकरूंचा निराळा असे. आज एकच कुटुंब दोन्ही असतें. आईबापांनीं पुण्यांत घेतलेल्या दुसऱ्या घरांत परप्रांतीय जोडपें राहतें, आणि त्याच आईबापांचा मुलगा बंगळूरूस कोणा अनोळखी मालकाच्या घरांत, अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत भरून, राहत असतो. रात्रीं त्याचा फोन येतो. मालक दुरुस्ती करीत नाहीं, खातां काय म्हणून विचारतो, अनामत बुडवील अशी भीति वाटते. आईबाप संतापतात, आणि त्या परक्या मालकाविषयीं अगदीं योग्य असे शब्द वापरतात. न्याय म्हणजे काय हें त्या घटकेस त्यांना पूर्णपणें ठाऊक असतें. तेंच ज्ञान दुसऱ्या दिवशीं पुण्याच्या त्या जोडप्याचा निरोप आला असतां कामीं आणावें. मग घरमालकाच्या धर्मावर आम्हीं इतकें लिहिण्याची गरज राहणार नाहीं.